एक जुनं गिऱ्हाईक

पुरवणी जबाब
दि. २७, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

नाव: मूळ तक्रार अर्जात आहे तेच. परिसरात मला ‘मापवाले’ म्हणतात, हे त्या वेळी सांगायचे राहिले होते. वय ५७ वर्षे. धंदा: हार्डवेअरचे दुकान. राहणार: दुकानापासून पायी सहा मिनिटांवर, पहिला मजला.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून, पुन्हा एकदा लिहून देतो की,

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. मुलगी नोकरीनिमित्त परगावी असते. माझे दुकान एकोणतीस वर्षांपासून चालू आहे. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, नळ, वॉशर असा किरकोळ माल मी विकतो. दुकानात तीनशे बारा खण आहेत आणि प्रत्येकावर आत काय आहे त्याची चिठ्ठी आहे. चिठ्ठ्या पत्नीच्या अक्षरात आहेत. सुरुवातीची चार वर्षे ती दुकानात माझ्यासोबत बसत असे. गिऱ्हाईक काय मागणार हे त्याने तोंड उघडायच्या आत तिला कळायचे, असे लोक म्हणत. पुढे मुलगी झाली आणि घरी कोणीतरी हवे असे मी म्हणालो. मुलगी आता पंचवीस वर्षांची आहे. पत्नी अजून घरीच असते.

दुकानात मी एकटाच असतो. ‘मापाशिवाय वस्तू मागू नये’ असा फलक मी दर्शनी भागात लावलेला आहे. लोक येतात, दोन बोटे हवेत धरतात आणि एवढा स्क्रू द्या म्हणतात. घरी जाईपर्यंत बोटे मिटलेली असतात, मग वस्तू बदलून मागतात. म्हणून मी प्रत्येकाला पहिल्यांदा ‘माप आणलंय का?’ एवढेच विचारतो. यात उद्धटपणा आहे असे मला कधी वाटले नाही. कोणी तसे सांगितलेही नव्हते. सांगायला आलेल्यांना मी माप विचारत असे, हे खरे.

मी दि. २२ रोजी याच ठाण्यात तक्रार दिली होती. आमच्या परिसराचे मोबाईलवर एक पान आहे. पाणी कधी येणार, कोणाचे मांजर हरवले, असे त्यावर लिहितात. त्या पानावर ‘एक जुनं गिऱ्हाईक’ या नावाने कोणी अज्ञात इसम माझ्या दुकानाची बदनामी करतो, त्याला शोधून समज द्यावी, अशी माझी तक्रार होती. सदर इसमाचे तीन मजकूर मी छापून जोडले होते. ते येथे पुन्हा नमूद करावेत असे हवालदार बाईंनी सांगितल्यावरून नमूद करतो.

पहिला मजकूर दि. ११ रोजी दुपारी ४ वाजून ४० मिनिटांचा. “आज बारा वाजता दुकानात जाऊन सात मिनिटं उभं राहावं लागलं. दुकानात दुसरं कोणीही नव्हतं. न्हाणीघराच्या दाराची कडी मागितली. मालकांनी मान वर न करता ‘माप आणलंय का’ असं विचारलं. माप हातातच होतं. ते बघायला मान वर करावी लागते. माल चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.”

दुसरा मजकूर दि. १५ चा. “त्याच कडीसाठी फोन केला. ‘आत्ता गिऱ्हाईक आहे, नंतर बघू’ असं उत्तर मिळालं. फोनवरचा माणूसही गिऱ्हाईकच असतो, हे मालकांना कोणीतरी कळवावं. नंतर म्हणजे कधी, हे विचारायच्या आत फोन ठेवला गेला.”

तिसरा मजकूर दि. २० चा. “या दुकानाची घरपोच सेवाही पाहून झाली. तीच कडी अडकली आणि आत कोंडलं गेलं. मालक स्वतः आले. पंचवीस मिनिटं थांबले. हाका मारल्या, दार ठोकलं. त्यांनी जेवण केलं, हात धुतले आणि निघून गेले. ताट उचलून ठेवलं होतं, म्हणून पाचपैकी एक तारा.”

याबाबत मूळ जबाबात मी असे लिहून दिले होते की, मी घरपोच सेवा देत नाही, गेल्या एकोणतीस वर्षांत कोणत्याही गिऱ्हाइकाच्या घरी जेवलेलो नाही, माझे जेवण मी माझ्या घरी करतो, सबब तिसरा मजकूर धादांत खोटा आहे. तो जबाब मला वाचून दाखवला तेव्हाही तो मला बरोबरच वाटला होता.

तिन्ही मजकुरांत ‘उभं राहावं लागलं’, ‘कोंडलं गेलं’ अशी वाक्ये आहेत. ‘गेलो’ नाही आणि ‘गेले’ही नाही. गिऱ्हाईक हा शब्दही ना पुरुषाचा ना बाईचा. त्यामुळे लिहिणारा बाप्या आहे की बाई, हे कळायला मार्ग नव्हता. इतके जपून लिहिणारा माणूस मुरलेला असणार, असे मी हवालदार बाईंना म्हणालो होतो.

त्या मजकुरांखाली परिसरातील लोकांनी आपापले अनुभव लिहिले. दि. २२ पर्यंत असे १६३ अनुभव झाले होते. दवाखान्यातल्या एका परिचारिकेने लिहिले की तिने दोन स्क्रू मागितले तर मी कुठल्या दाराचे, दार कधी बसवले आणि सुतार कोण, असे विचारले आणि शेवटी स्क्रू दिलेच नाहीत. एका नळ दुरुस्त करणाऱ्याने लिहिले, “माल एक नंबर, माणूस शून्य नंबर.” एकाने लिहिले की माझ्या वडिलांनाही हे असंच बोलले होते, मालकांनी परंपरा जपली आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांनी लिहिले की मी एवढ्या मुलांना ओरडलो, पण मला स्वतःला फक्त या दुकानात ओरडा बसला. यातील परिचारिकेचा प्रकार मला आठवत नाही. मुख्याध्यापकांचा आठवतो. ते खरोखरच माप न घेता आले होते.

त्यानंतर लोक दुकानासमोर उभे राहून फोटो काढू लागले. एक इसम खांद्यापासून मनगटापर्यंत हात पुढे करून म्हणाला, साहेब, माझं माप घ्या. दि. २१ रोजी सकाळी शटरच्या कुलुपाला शिंप्याची फीत बांधलेली मिळाली. फीत जुनी होती, सुरुवातीचे आकडे पुसलेले होते. गिऱ्हाईक निम्म्याच्या खाली आले. जे आले त्यांनी नको इतकी मापे आणली.

माझा संशय कोपऱ्यावर दीड वर्षापूर्वी उघडलेल्या नव्या हार्डवेअरच्या दुकानदारावर होता. दि. २१ रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी त्याच्या दुकानात जाऊन मोठ्या आवाजात बोललो. हिंमत असेल तर स्वतःच्या नावाने लिही, असे म्हणालो. तो तिशीतला आहे. तो म्हणाला, “काका, आधी बसा. पाणी घ्या. काय हवंय तुम्हाला?” मी बसलो नाही. पाणी घेतले. चोराच्या मनात चांदणे असल्याशिवाय माणूस इतका गोड बोलत नाही, असे मी मूळ जबाबात लिहून दिले होते. ते वाक्य मी मागे घेतो.

दि. २२ रोजी तक्रार लिहून घेतल्यावर हवालदार बाईंनी मला काही प्रश्न विचारले होते. ते मूळ जबाबात आलेले नाहीत, म्हणून आता सांगतो. त्यांनी विचारले की दुकानात कॅमेरा आहे का. मी हो म्हणालो. किती दिवसांचे साठून राहते. पंधरा दिवसांचे. मग अकरा तारखेच्या बारा वाजताचे बघितले का. मी नाही म्हणालो, कारण सगळे खोटेच असल्याने बघण्यासारखे काही नव्हते. त्यांनी विचारले, घरी कोण कोण असते. मी म्हणालो, पत्नी, पण सध्या ती तिच्या ताईकडे गेली आहे. कधीपासून, असे विचारल्यावर मला बोटांवर मोजावे लागले. वीस तारखेपासून. त्यांनी विचारले, काही कारण? मी म्हणालो, ताईकडे जायला कारण कशाला लागतं. त्यांनी विचारले, त्यानंतर फोन केलात का. मी दोनदा केला होता. एकदा इस्त्रीचे कपडे कुठे असतात ते विचारायला आणि एकदा चहाची पूड. दोन्ही वस्तू तिने सांगितलेल्या ठिकाणी मिळाल्या. बाईंनी पेन खाली ठेवले आणि मला म्हणाल्या, “काका, आधी तो कॅमेरा बघून या.” मला वाटले, तपासाची पद्धत असेल.

दि. २४ रोजी दुपारी एक वाजता, दुकानात गिऱ्हाईक नसताना, मी कॅमेऱ्यातील दि. ११ चे चित्रण पाहिले. एक वाजता यासाठी की त्या वेळी मी जेवायला घरी जात असे आणि आता घरी जेवण नव्हते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पाठवलेला माणूस सापडेल, तो सापडला की चित्रण घेऊन थेट ठाण्यात यायचे, असे ठरवून मी वही आणि पेन जवळ घेतले होते.

चित्रणात बारा वाजून एक मिनिटाने माझी पत्नी दुकानात आली.

ती काउंटरसमोर उभी राहिली. मी बिजागऱ्यांचा माल मोजत होतो. तिच्या अंगात बाहेर जाताना घालते तो निळा स्वेटर होता. तिने हातातला रुमाल काउंटरवर ठेवला आणि उलगडला. रुमालात एक जुनी कडी होती. कडीची मूठ निखळून बाजूला पडलेली होती. चार मिनिटे ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघत होती. मध्ये एकदा तिने मागे वळून खणांकडे पाहिले, चिठ्ठ्या वाचल्यासारखे. मग तिचे ओठ हलले. कॅमेऱ्यात आवाज येत नाही. मी खाली बघूनच काहीतरी बोललो. मी काय बोललो हे आवाज नसतानाही मला कळले. ती आणखी तीन मिनिटे थांबली. मग तिने रुमालाची चार टोके जमवून गाठ मारली आणि गेली. ती गेल्यानंतर मी मान वर केली, दाराकडे बघितले आणि पुन्हा मोजायला लागलो.

मी सदर चित्रण सहा वेळा पाहिले. सहाव्या वेळी वेळ लिहून घेतली. सात मिनिटे पंधरा सेकंद. मजकुरात सात मिनिटे लिहिले आहे. तिने मला पंधरा सेकंद सोडून दिले आहेत.

विचारल्यावरून सांगतो की, न्हाणीघराच्या दाराची कडी सैल झाल्याचे पत्नीने मला त्याआधीच घरी सांगितले होते. किती वेळा, असे विचारल्यावरून सांगतो की, मला आठवते त्याप्रमाणे दोनदा. पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे नऊ वेळा. प्रत्येक वेळी मी ‘बघतो’ म्हणालो, याबाबत आमच्यात मतभेद नाही. शेवटी तिने स्वयंपाकघरातील सुरीने स्क्रू काढून कडी उतरवली आणि गिऱ्हाईक म्हणून दुकानात आणली. घरी परत नेऊन तीच कडी पुन्हा बसवली. दि. १५ रोजीचा फोन तिचाच होता. ‘आत्ता गिऱ्हाईक आहे’ असे मी म्हणालो होतो. त्या वेळी गिऱ्हाईक होते की नव्हते, हे पाहण्यासाठी मी त्या दिवसाचेही चित्रण पाहिले. नव्हते.

दि. १९ बाबत विचारल्यावरून सांगतो. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी घरी गेलो. दार माझ्या किल्लीने उघडले. ताट झाकून ठेवलेले होते. पत्नी दिसली नाही. शेजारच्या शिवणक्लासच्या बाईंकडे गेली असेल असे मला वाटले. वाटले म्हणजे, मी त्यावर फार विचार केला नाही. जेवताना मी मोबाईलवर बातम्या लावतो. आतून कुठूनतरी ठोकण्याचा आवाज येत होता. वरच्या मजल्यावर सुतारकाम चालू आहे असे समजून मी बातम्यांचा आवाज वाढवला. जेवलो, हात धुतले, ताट उचलून मोरीत ठेवले आणि एक पस्तीसला निघालो. वरच्या मजल्यावरचे सुतारकाम त्यापूर्वी आठ दिवस संपले होते. शेवटच्या बिजागऱ्या त्यांनी माझ्याकडूनच नेल्या होत्या.

पत्नी अकरा वाजून वीस मिनिटांपासून न्हाणीघरात अडकलेली होती. मूठ तुटून तिच्या हातात आली आणि कडीचा दांडा आत तसाच राहिला. दोन वाजता शिवणक्लासच्या बाईंना झरोक्यातून तिचा आवाज ऐकू गेला. त्यांच्याकडे आमच्या घराची जादा किल्ली असते. त्यांनी कात्रीने दाराची फट रुंद करून दांडा सरकवला. ही हकीकत मला त्या बाईंनी दि. २४ रोजी संध्याकाळी सांगितली, तीही मी जाऊन विचारल्यावर. एकोणीस तारखेलाच का सांगितले नाहीत, असे मी म्हणताच त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तुमच्याच घरातली गोष्ट, तुम्हाला माहीत असेल.”

त्या दिवशी, म्हणजे एकोणीसला, मी संध्याकाळी घरी गेलो तेव्हा पत्नी भाजी निवडत होती. तिने मला काही सांगितले नाही. मीही काही विचारले नाही. तिचा आवाज बसलेला होता. हवा बदलली आहे, गरम पाणी पी, असे मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, मी ताईकडे जातेय. मी ‘बरं’ म्हणालो. तिच्या हातात मोठी बॅग होती, हे दाराच्या कॅमेऱ्यात नाही, कारण घराला कॅमेरा नाही. ते मला तसेच आठवले, चार दिवसांनी.

दि. २५ रोजी सकाळी मी खण क्रमांक ११८ मधून कडी काढली. खणावर ‘कडी, न्हाणीघर, जाड’ असे तिच्या अक्षरात लिहिलेले आहे. माप घेण्यासाठी घरी जाऊन जुनी कडी उतरवली. नवी कडी बसवली. या कामास अकरा मिनिटे लागली. मी आत जाऊन दार लावून घेतले आणि कडी दहा-बारा वेळा उघडून-लावून पाहिली. मग काही वेळ आत बसलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. आत घड्याळ नाही. झरोका डोक्याच्या वर आहे, त्यातून समोरच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. आतून जेवणाच्या जागेपर्यंतचे अंतर मी नंतर फितीने मोजले. साडेचार मीटर.

त्यानंतर मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे गेलो. दुकानात तीन गिऱ्हाईके होती. मी त्यांच्यासमोर माफी मागितली, कारण ओरडलो होतो तेही गिऱ्हाइकांसमोरच. तो म्हणाला, “काका, काकू आल्या होत्या माझ्याकडे. अकरा तारखेलाच, बारा-सव्वाबाराला. रुमालात कडी होती. मी तशीच काढून दिली. त्यांनी हातात घेतली, बघितली, आणि परत ठेवली. म्हणाल्या, नको रे, आमच्या दुकानात आहे ही. तिथूनच घेते.” हे सांगताना तो एका गिऱ्हाइकासाठी साखळी कापत होता. त्याने साखळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून बोलला. एवढे मी पाहिले.

त्याच दिवशी साडेअकरा वाजता मी दुकान बंद केले. जेवणाची वेळ सोडून कामाच्या दिवशी दिवसाढवळ्या शटर ओढण्याची ही एकोणतीस वर्षांतील पहिलीच वेळ. समोरच्या झेरॉक्सवाल्याने विचारले, कोणी गेलं का? मी म्हणालो, हो, वीस तारखेला. तो घाबरला. मग मी नीट सांगितले.

मेहुणीच्या घरी मी साडेबाराला पोहोचलो. दार मेहुणीने उघडले. ती मला बसा म्हणाली नाही. आत जाऊन तिने पत्नीला सांगितले, “अगं, तुझे दुकानदार आलेत.” पत्नी बाहेर आली. तिने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले आणि मग माझ्याकडे.

ती म्हणाली, “दुकान?”

मी म्हणालो, “बंद करून आलो.”

येताना मी वाटेत बरेच काही ठरवले होते. त्यातले एकही वाक्य मला आठवले नाही. मी म्हणालो, “कडी बसवली.”

ती म्हणाली, “बरं.”

‘बरं’ हा शब्द ऐकणाऱ्याला कसा लागतो, हे मला माहीत नव्हते. मी तो बऱ्याच वर्षांपासून वापरत आहे.

मग मी म्हणालो की मी कॅमेऱ्यात सगळे बघितले, तुझे सगळे खरे आहे, मी उद्याच ठाण्यात जाऊन तक्रार मागे घेतो. यावर पत्नी जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत सांगतो, कारण ते तसेच लिहून घ्यावे असे तिचे म्हणणे आहे. ती म्हणाली, “तक्रार मागे घेऊ नका. मागे घेतली की संपलं, तुम्ही पुन्हा बिजागऱ्या मोजायला मोकळे. मी लिहिलं ते खरं की खोटं, हे एकदा सरकारी कागदावर येऊ दे. एकतीस वर्षं झाली लग्नाला. मी जे जे सांगितलं, त्यातल्या एकाचीही पोच मला तुमच्याकडून मिळालेली नाही. तुम्ही पोलिसांत गेलात हे एका अर्थी बरंच झालं. तिथे निदान कोणीतरी मी लिहिलेलं पूर्ण वाचलं.”

मी विचारले, “हे तू मला घरी का नाही सांगितलंस?”

मेहुणी आतून मोठ्याने हसली. पत्नी हसली नाही. ती म्हणाली, “घरी सांगून बघितलं. दुकानात येऊन सांगितलं. फोन करून सांगितलं. मग म्हटलं, चारचौघांना सांगावं. तुम्ही नाही तर दुसरं कोणी तरी ऐकेल. एकशे त्रेसष्ट जणांनी ऐकलं. त्यातल्या एका परिचारिकेशी मी आता रोज बोलते.”

मी तिला म्हणालो की लोक मला हसतात, शटरला फीत बांधतात. त्याचे तिला वाईट वाटल्याचे दिसले. ती म्हणाली, “ते मला नको होतं. फक्त तुम्ही वाचावं एवढंच होतं. पण तुम्ही वाचलंत ते त्या कोपऱ्यावरच्या मुलाला शोधत.” हे खरे आहे. तिन्ही मजकूर मी प्रत्येकी किमान वीस वेळा वाचले होते. दर वेळी त्याच्यासाठीच.

मेहुणीने पाणी आणून ठेवले. मी ते घेतले आणि परत आलो.

सबब, सदर तीन मजकुरांबाबत मी आता लिहून देतो की, पहिला मजकूर खरा आहे. दुसरा खरा आहे. तिसऱ्या मजकुरातील घरपोच सेवा, थांबण्याचा कालावधी, हाका, दार ठोकणे, जेवण आणि ताट, हे सर्व खरे आहे. एक तारा जास्त आहे. सदर मजकुरांमुळे माझी बदनामी झाली, परंतु ती खोट्या गोष्टींनी झालेली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पत्नीविरुद्ध नाही. मजकूर काढून टाकायचे आहेत का, असे हवालदार बाईंनी विचारले. राहू द्यावेत.

काल मी त्या पानावर तिसऱ्या मजकुराखाली स्वतःच्या नावाने उत्तर लिहिले. ते लिहायला मला चाळीस मिनिटे लागली. आधी बरेच मोठे लिहिले होते. त्यात मापाचे महत्त्व आणि लोकांच्या चुका, असे सगळे होते. नंतर ते पुसून एवढेच ठेवले: “मजकूर बरोबर आहे. गिऱ्हाईक माझ्या घरचं होतं. मी ओळखलं नाही.” त्याखाली लोकांनी काय लिहिले ते मी वाचलेले नाही. परिचारिकेने काहीतरी लांबलचक लिहिले आहे असे पत्नीने आज फोनवर सांगितले. ती वाचून दाखवणार होती, पण मी उद्या म्हणालो.

आज मी येथे येण्यापूर्वी पत्नीला फोन केला आणि जबाब द्यायला जातोय असे सांगितले. इस्त्रीचे कपडे आणि चहाची पूड सोडून केलेला हा पहिला फोन. ती म्हणाली, मीही येते. ती रिक्षाने आली, मी पायी आलो, दोघेही एकाच वेळी फाटकाशी पोहोचलो. ती सध्या बाहेरच्या बाकावर बसलेली आहे. हा जबाब झाल्यावर पत्नी माझ्यासोबत घरी परत येणार आहे.

माझा जबाब हवालदार बाईंनी वाचून दाखवायला घेतला तेव्हा दार उघडे ठेवावे आणि थोडे मोठ्याने वाचावे, अशी मी त्यांना विनंती केली. त्यांनी तसे केले. शेवटच्या वाक्यावर पत्नी दारात येऊन उभी राहिली आणि हवालदार बाईंना म्हणाली, “बाई, ते घरी परत येणार आहे, असं मी म्हटलेलं नाही. कडी बघायला येते, असं म्हटलं होतं.”

मला विचारले असता, तिचे म्हणणे बरोबर आहे. ती तसेच म्हणाली होती. मी नीट ऐकले नव्हते. सबब ‘घरी परत येणार आहे’ हे शब्द खोडून त्या जागी ‘कडी बघायला येणार आहे, पुढचे ती ठरवील’ असे वाचावे. खाडाखोडीवर मी सही केली आहे. शेजारी पत्नीनेही केली आहे, तिला कोणी सांगितले नव्हते. आता हा जबाब आम्हा दोघांनी ऐकला आहे आणि तो सांगितल्याप्रमाणे आहे.

समक्ष,
(सही) दुकानदार
(सही) गिऱ्हाईक